हायस्पीड वायरलेसमधला माझा रिसर्च: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगची डिग्री झाल्यावर मी हायस्पीड वायरलेसमध्ये रिसर्च करतेय. तेव्हापासून घरचे, ज्युनिअर आणि दुसऱ्या ब्रँचचे मित्रमैत्रिणी तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी घाईत अर्धंमुर्धं उत्तर दिलं जातं आणि नंतर मलाच चुटपुट लागते, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, कारण तो भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे.

तुझा रिसर्च नेमका कशावर आहे?

मिलिमीटर वेव्हमध्ये, म्हणजे मिलिमीटरमध्ये मोजावी एवढ्या छोट्या तरंगलांबीच्या रेडिओ लहरींमध्ये, बीम ट्रॅकिंगवर. म्हणजे बेस स्टेशन (मोबाईलचा टॉवर) आणि मोबाईल एकमेकांकडे रेडिओचा अरुंद झोत टाकतात, बॅटरीच्या टॉर्चसारखा, आणि मोबाईल हलला, फिरला किंवा मध्ये कुणी आलं की तो झोत चुकतो. तो चुकायच्या आत किंवा चुकल्यावर लगेच, कमीत कमी वेळ वाया घालवून परत कसा जुळवायचा हा माझा प्रश्न. ऐकायला छोटा वाटतो पण याच्यात अँटेना, चॅनल, सिग्नल प्रोसेसिंग, प्रोटोकॉल सगळंच येतं.

स्पीड वाढवायचा म्हणजे खरं तर काय वाढवायचं?

याचं उत्तर इन्फर्मेशन थिअरीचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननने १९४८ मध्येच देऊन ठेवलंय. चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट बिनचूक जाऊ शकतात ते दोन गोष्टींवर ठरतं, बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, किती रुंद आहे आणि सिग्नल नॉईजच्या (गोंगाटाच्या) किती पट आहे. बँडविड्थ सरळ गुणाकारात येते, सिग्नल-टू-नॉईज रेशो (एसएनआर) मात्र लॉगच्या (लॉगॅरिदमच्या) आत बसलाय, आणि सगळी गंमत त्या लॉगमध्ये आहे.

उदाहरणच घ्या. १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ आणि २० डीबी (डेसिबल; १० डीबी म्हणजे दहापट, ३ डीबी म्हणजे दुप्पट) एसएनआर असेल तर मर्यादा येते साधारण ६६६ एमबीपीएस. आता ट्रान्समीटरची पॉवर डबल केली तर होतात ७६५ च्या आसपास, म्हणजे दुप्पट वीज जाळून १५ टक्के हातात. पण पॉवर तेवढीच ठेवून बँडविड्थ डबल केली तर, नॉईजही डबल होऊन एसएनआर १७ डीबीवर येतो हे धरूनसुद्धा, जवळजवळ ११३० एमबीपीएस मिळतात. म्हणून सगळे बँडविड्थच्या मागे धावतात. आणि मोठी सलग बँडविड्थ खालच्या फ्रिक्वेन्सीला शिल्लकच नाही, तिथे टीव्ही, रडार, सॅटेलाईट, जुने मोबाईल नेटवर्क सगळे दाटीवाटीने बसलेत, म्हणून वर जावं लागतं.

तिसरा रस्ता म्हणजे एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक अँटेनांनी वेगवेगळा डेटा पाठवायचा, तो मायमो, त्याबद्दल खाली लिहिलंय. या तिघांशिवाय चौथी जादू नाही. कुणी अमुकपट स्पीड म्हणून सांगितलं की मी आधी हेच शोधते की यातलं नेमकं काय वाढवलंय, आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत कळतं.

मिलिमीटर वेव्ह ही नवीन गोष्ट आहे का?

अजिबात नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले, ६० गिगाहर्ट्झपर्यंत, आणि त्यासाठी हॉर्न अँटेना, वेव्हगाईड, प्रिझम, डिटेक्टर सगळं स्वतः बनवलं. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ते दाखवलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप वेळ त्या उपकरणांचे फोटोच बघत बसले होते, कारण आम्ही लॅबमध्ये जो हॉर्न वापरतो तो मुळात तोच आहे.

नवीन आहे ते एवढंच की आता या फ्रिक्वेन्सीचे सर्किट नेहमीच्या सिलिकॉन चिपवर बसतात आणि खिशातल्या फोनमध्ये मावतात. नाव तसं ३० ते ३०० गिगाहर्ट्झसाठी आहे, पण ५जी मधल्या २४.२५ गिगाहर्ट्झपासून वरच्या बँडलाही सगळे मिलिमीटर वेव्हच म्हणतात.

एवढी बँडविड्थ पडलीय तर सगळीकडे का वापरत नाहीत?

यावर एक अर्धवट उत्तर सगळीकडे फिरतं की फ्रिक्वेन्सी वाढली की हवेत लॉस वाढतो. नीट बघायला हवं. फ्री स्पेस पाथ लॉसचा (मोकळ्या जागेत अंतराने सिग्नल किती घटतो त्याचा) फॉर्म्युला लावला तर १०० मीटरवर २.८ गिगाहर्ट्झला साधारण ८१ डीबी येतात आणि २८ गिगाहर्ट्झला १०१, म्हणजे २० डीबी जास्त. पण हे हवा खात नाहीये. फॉर्म्युल्यात आपण दोन्हीकडे सारख्याच गेनचा (एका दिशेला एनर्जी एकवटायच्या क्षमतेचा) अँटेना धरतो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला तेवढ्याच गेनचा अँटेना आकाराने छोटा असतो म्हणून तो कमी एनर्जी गोळा करतो. अँटेनाची जागा तेवढीच ठेवून त्यात जास्त एलिमेंट (छोटे अँटेना) भरले तर एका टोकालाच हे २० डीबी परत मिळतात, आणि दोन्ही टोकांना केलं तर वरची फ्रिक्वेन्सी उलट फायद्यात जाते. अट एकच, झोत बरोबर दिशेला पाहिजे. माझा सगळा रिसर्च या एका अटीवर उभा आहे.

हवेतला ऑक्सिजन ६० गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे १५ डीबीच्या आसपास खातो, ऐकायला भयंकर वाटतं पण १०० मीटरला तो दीडच डीबी होतो. जोरदार पावसात, तासाला २५ मिलिमीटर वगैरे, २८ गिगाहर्ट्झला किलोमीटरला चार-पाच डीबी जातात, छोट्या सेलला (एका बेस स्टेशनच्या टप्प्यातल्या भागाला) तेही झेपतं.

खरा त्रास आडव्या येणाऱ्या गोष्टींचा. तरंगलांबी एक सेंटीमीटर, त्यामुळे लहर कोपऱ्यावरून वळून मागे जात नाही, सावली स्पष्ट पडते. काँक्रीटची भिंत म्हणजे संपलं, मेटलचा पातळ थर दिलेली काच म्हणजे तेच, आणि माणूस मध्ये उभा राहिला की २० डीबीचा फटका सहज बसतो. फोन धरलेला हातसुद्धा अँटेना झाकतो. त्यामुळे बेस स्टेशन दाट लावावे लागतात, प्रत्येकाला वीज आणि फायबर द्यावा लागतो आणि गणित खर्चावर येऊन थांबतं.

बीमफॉर्मिंग कसं चालतं? अँटेना फिरतो का?

नाही, काहीच फिरत नाही. खूप छोटे अँटेना शेजारी शेजारी लावायचे आणि प्रत्येकाला तोच सिग्नल थोड्या वेगळ्या फेजने (लहर किंचित मागेपुढे सरकवून) द्यायचा, मग एका दिशेला सगळ्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून वाढतात आणि बाकी दिशांना एकमेकींना मारतात. फेज बदलली की दिशा बदलते. २८ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी होते ५.४ मिलिमीटर, म्हणजे ८ बाय ८ असे ६४ अँटेना साडेचार सेंटीमीटरच्या चौकोनात बसतात! खालच्या फ्रिक्वेन्सीला हेच करायला दारापेक्षा रुंद पॅनल लागलं असतं, ७०० मेगाहर्ट्झला तर ते दीड मीटरच्या वर जातं.

आता आदर्श काय तर प्रत्येक अँटेनामागे स्वतःची पूर्ण आरएफ चेन (रेडिओ सिग्नल हाताळणारी सर्किट) आणि स्वतःचा एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप), मग डिजिटलमध्ये हवे तेवढे बीम एकाच वेळी बनवता येतात. पण गिगाहर्ट्झच्या स्पीडने सॅम्पल करणारा एडीसी भरपूर पॉवर खातो, वर रिझोल्युशनचा एकेक बिट वाढवला की ती साधारण दुप्पट होत जाते, असे ६४ लावले तर फोन हातात धरवणार नाही. म्हणून मधला मार्ग हायब्रिड, थोड्याच आरएफ चेन आणि पुढे अ‍ॅनालॉग फेज शिफ्टर. याची किंमत अशी की एका क्षणाला एक-दोनच दिशांना बघता येतं, बाकी सगळीकडे अंधार.

मग बीम ट्रॅकिंगमध्ये अवघड काय आहे? सगळ्या दिशा तपासायच्या आणि चांगली घ्यायची.

मलाही आधी असंच वाटलं होतं! पण हिशोब करून बघा. ५जी मध्ये मिलिमीटर वेव्हला बेस स्टेशन जास्तीत जास्त ६४ दिशांना एकामागून एक सिंक सिग्नल (मोबाईलला जुळवून घ्यायला लागणारे) टाकतं, हा एक फेरा ५ मिलिसेकंदांत बसतो आणि नवीन मोबाईल साधारण असं धरून चालतो की फेरा दर २० मिलिसेकंदांनी येईल. इथपर्यंत ठीक. पण मोबाईललाही स्वतःच्या दिशा तपासायच्यात, आणि तो एका फेऱ्यात एकाच दिशेला कान लावून बसला तर आठ दिशांना आठ फेरे, म्हणजे १६० मिलिसेकंद. आता एका रांगेत आठ अँटेना असले तर झोताची रुंदी साधारण १३ अंश. हातातला फोन सेकंदाला १०० अंशांनी फिरणं काही विशेष नाही, उभा फोन आडवा करताना एवढं होतंच, म्हणजे १६० मिलिसेकंदांत तो १६ अंश फिरला. शोध संपेपर्यंत सापडलेलं उत्तर शिळं झालं!

म्हणून सगळं शोधत बसायचं नाही, आधी काय माहीत आहे ते वापरायचं. फोनमधला जायरोस्कोप सांगतो किती फिरला. मागच्या बीमच्या आजूबाजूचे दोन-तीनच तपासले तरी बऱ्याचदा पुरतं. खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लिंकवरून साधारण दिशा कळते. पण माणूस आडवा आला तर शेजारचा बीम कामाचा नाही, पूर्ण वेगळा रस्ता हवा, समोरच्या भिंतीवरून परावर्तन होऊन येणारा वगैरे. फिरणं आणि आडवं येणं या दोन्हीत पॉवर पडते, पण दोन्हींवरचा उपाय वेगळा, आणि पॉवर पडायला लागल्यावर पहिल्या काही मिलिसेकंदांतच ओळखायचं की हे कुठलं प्रकरण आहे. मी यातच अडकलेय गेले कित्येक महिने आणि मला ते मनापासून आवडतं.

ओएफडीएम शिवाय पुढे जाता येत नाही का?

ओएफडीएम म्हणजे एका जलद डेटाच्या ओढ्याचे शेकडो सावकाश ओहोळ करायचे, प्रत्येक वेगळ्या सबकॅरिअरवर (छोट्या वाहक फ्रिक्वेन्सीवर). का, तर सिग्नल थेटही येतो आणि भिंतींवर आपटूनही येतो, उशिरा आलेली कॉपी पुढच्या सिम्बॉलवर (एका वेळी पाठवलेल्या डेटाच्या तुकड्यावर) चढते, सिम्बॉल लांब असला तर हा गोंधळ त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यात संपतो आणि तो तुकडा, सायक्लिक प्रीफिक्स, फेकून देता येतो. कल्पना बेल लॅब्जच्या रॉबर्ट चँगने १९६६ मध्ये मांडली, १९७१ मध्ये वाइनस्टीन आणि एबर्टने दाखवलं की हे फूरिअर ट्रान्सफॉर्मने (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायच्या गणिताने) करता येतं, आणि एफएफटीमुळे (तेच गणित जलद करायच्या रीतीमुळे) ते परवडायला लागलं. २०४८ पॉईंटचं ट्रान्सफॉर्म सरळ काढलं तर ४० लाखांच्या वर गुणाकार, एफएफटीने तेच ११ हजारांच्या घरात.

४जी मध्ये सबकॅरिअर एकमेकांपासून १५ किलोहर्ट्झ अंतरावर असतात, प्रीफिक्स ४.७ मायक्रोसेकंद, म्हणजे जवळपास १.४ किलोमीटर जास्त फिरून आलेली कॉपीही चालते. मिलिमीटर वेव्हला साधारणपणे १२० किलोहर्ट्झ वापरतात आणि प्रीफिक्स उरतो ०.५९ मायक्रोसेकंद, १७५ मीटर. छोट्या सेलला पुरतो. अंतर वाढवलं कशासाठी, तर वर गेलं की ऑसिलेटरचा (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटचा) फेज नॉईज, म्हणजे फेजची थरथर, वाढतो आणि डॉप्लरही (हालचालीमुळे फ्रिक्वेन्सी सरकणं), १०० किमी वेगाला २८ गिगाहर्ट्झवर डॉप्लर २.६ किलोहर्ट्झ होतो, १५ किलोहर्ट्झवाल्या सबकॅरिअरना ते सोसणार नाही.

तोटा एकच पण मोठा, सगळे सबकॅरिअर कधीतरी एकाच वेळी चढतात आणि सिग्नलला उंच शिखरं येतात, त्यासाठी पॉवर अँप्लिफायर कायम ताकदीच्या बराच खाली चालवावा लागतो, म्हणजे वीज फुकट जाते. शंभर गिगाहर्ट्झच्या वर, जिथे अँप्लिफायर आधीच अशक्त, तिथे सिंगल कॅरिअरकडे (सगळा डेटा एकाच कॅरिअरवर) परत जावं का यावर लोक गंभीरपणे काम करतायत.

मायमो म्हणजे जास्त अँटेना, एवढंच ना?

अँटेना जास्त हे बरोबर, पण खरी कमाल दुसरीच आहे. आधी सगळे मल्टिपाथला (एकच सिग्नल अनेक रस्त्यांनी येण्याला) शत्रू मानायचे. १९९० च्या दशकात स्टॅनफर्डला आरोग्यस्वामी पॉलराज आणि बेल लॅब्जमध्ये टेलाटार, फोशिनी यांनी दाखवलं की प्रत्येक अँटेनापर्यंतचे रस्ते पुरेसे वेगळे असतील तर त्याच फ्रिक्वेन्सीवर, त्याच वेळी, अनेक डेटा स्ट्रीम पाठवता येतात आणि रिसीव्हर त्यांना समीकरणं सोडवून वेगळं करतो. पॉलराजना यासाठी २०१४ चं मार्कोनी प्राईझ मिळालं. मग २०१० मध्ये मार्झेटाने मॅसिव्ह मायमो मांडलं, अँटेना युजरपेक्षा खूप जास्त ठेवा, मग साधं लिनिअर प्रोसेसिंगही छान चालतं.

एक लक्षात ठेवा, चार बाय चार अँटेना म्हणजे चारपट स्पीड असं आपोआप होत नाही. चॅनल मॅट्रिक्सची रँक (खरोखर वेगळे रस्ते किती ते) बघायची. समोरासमोर मोकळ्या जागेत रस्ता एकच, रँक एकच, तिथे जास्तीच्या अँटेना फक्त सिग्नल बळकट करतात. मिलिमीटर वेव्हला रस्ते मुळातच मोजके, दोन-चार, म्हणून तिथे बीमफॉर्मिंगचं महत्त्व जास्त.

जाहिरातीत २० जीबीपीएस म्हणतात, फोनवर तर तेवढे कधीच येत नाहीत. फसवणूक आहे का?

२० जीबीपीएस ही आयटीयूने (संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने) ५जी साठी ठेवलेली डाऊनलिंकची पीक रेटची अट आहे. पीक म्हणजे सेल रिकामा, युजर एकटा, सिग्नल आदर्श, सगळे रिसोर्स त्यालाच. प्रत्यक्षात तोच सेल सगळ्यांत वाटला जातो, तुम्ही कडेला असता, शेजारच्या सेलचा इंटरफिअरन्स असतो. म्हणून माझ्यासाठी पीकचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, मी सगळ्यात वाईट ५ टक्के युजरना काय मिळतं ते बघते, मानकांमध्येही तो आकडा वेगळा दिलेला असतो.

वरच्या मॉड्युलेशनचंही असंच. वाय-फाय ७ मध्ये ४०९६-क्वाम (सिम्बॉलचे ४०९६ वेगळे प्रकार) आलं, एका सिम्बॉलमध्ये १२ बिट. वाय-फाय ६ च्या १०२४ पेक्षा २०च टक्के जास्त, आणि त्यासाठी एसएनआर साधारण ६ डीबी जास्त हवा, म्हणजे राऊटरच्या अगदी जवळ बसलात तरच.

एरर करेक्शन कोडमध्ये (रिसीव्हरला चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून जोडलेल्या जादा बिटांत) अजून काही शिल्लक आहे का?

शॅननची मर्यादा गाठायच्या बाबतीत फारसं नाही. १९९३ च्या टर्बो कोडने मर्यादेच्या अगदी जवळ नेलं, गॅलागरचे १९६० च्या दशकातले एलडीपीसी कोड नंतर परत उचलले गेले, २००९ मध्ये अरिकानचे पोलर कोड आले, आणि ५जी मध्ये डेटाला एलडीपीसी, कंट्रोलला पोलर. शिल्लक आहे ते छोट्या पॅकेटसाठी आणि कमी विजेत जलद डीकोड करण्यासाठी. माझा विषय नाही, इथेच थांबते.

सिम्युलेशन कुठून सुरू करू?

पायथन किंवा मॅटलॅब, कुठलंही. पण पहिल्याच दिवशी ५जी चं पूर्ण टूलबॉक्स उघडू नका. आधी स्वतःच्या हाताने बीपीएसके (एका सिम्बॉलमध्ये एकच बिट), साधा गॉसियन नॉईज, आणि बिट एरर रेटचा (चुकलेल्या बिटांच्या प्रमाणाचा) ग्राफ. ९.६ डीबी ईबी बाय एननॉटला (एका बिटची एनर्जी नॉईजच्या किती पट) बिट एरर रेट दहाचा उणे पाचवा घात यायलाच पाहिजे. नाही आला तर पुढे जाऊ नका, कुठेतरी चूक आहेच. मग क्यूपीएसके करा, त्याची रेष बीपीएसकेवर तंतोतंत बसली पाहिजे. मग रेली फेडिंग (अनेक रस्त्यांच्या कॉपी मिसळून सिग्नल वरखाली होणं), तिथे १० चा उणे तिसरा घात गाठायला २४ डीबी लागतात, फेडिंग नसताना हेच ६.८ डीबीत होतं, आणि हे एकदा स्वतः बघितलं की डायव्हर्सिटी (तोच डेटा एकाहून जास्त वेगळ्या रस्त्यांनी मिळवणं) कशाला हवी ते कुणी समजवावं लागत नाही.

हे मी एवढं जोर देऊन सांगतेय कारण मला चटका बसलाय. सुरुवातीला माझ्या पद्धतीने जुन्या पद्धतीपेक्षा ३ डीबी फायदा दिसत होता, सगळ्या ग्राफवर, सगळ्या चॅनलवर. दोन आठवडे मी खूप आनंदात, रिपोर्टपण लिहायला घेतला. मग गाईडने एवढंच विचारलं की बरोबर ३.०१ का? झालं. क्यूपीएसकेमध्ये एका सिम्बॉलमध्ये दोन बिट, आणि मी एका ग्राफला सिम्बॉलची एनर्जी धरली होती, दुसऱ्याला बिटची. फायदा शून्य होता. त्या रात्री खूप वाईट वाटलं. पण तेव्हापासून कुठलाही फायदा ३, ६ डीबी असा, म्हणजे नेमका दुप्पट-चौपट, दिसला की मी आधी नॉर्मलायझेशन (दोन्हीकडे एकच माप धरलंय ना) तपासते. कॉम्प्लेक्स नॉईजचा व्हेरिअन्स रिअल आणि इमॅजिनरीत अर्धा अर्धा वाटायचा राहतो, एफएफटीचा स्केल फॅक्टर राहतो, अशा याच जातीच्या चुका.

आणि एरर पुरेशा मोजा. उणे सहाव्या घाताचा पॉईंट काढायचा तर १०० एरर मिळायला १० कोटी बिट चालवावे लागतात, आणि एवढं करूनही त्या आकड्यात १० टक्के डळमळ असतेच. तीन एरर मोजून ग्राफवर ठिपका ठेवणं बरोबर नाही.

हार्डवेअरशिवाय हा रिसर्च होतो का?

होतो, थिअरीत उत्तम काम कागदावरच झालंय. पण तुमची पद्धत प्रत्यक्षात चालते असा दावा असेल तर हार्डवेअरचे दोष तरी मॉडेलमध्ये घाला. २.८ गिगाहर्ट्झचा ऑसिलेटर दहापटीने वर नेला की फेज नॉईज २० डीबीने वाढतो, हे गणितातूनच येतं. नॉईज पण बँडविड्थबरोबर वाढतो, २० मेगाहर्ट्झला उणे १०१ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डीबी), ४०० मेगाहर्ट्झला उणे ८८. फेज शिफ्टर सलग फिरत नाही, ठरावीक पायऱ्यांनी फिरतो. कॅलिब्रेशन तापमानाने सरकतं.

हात लावून शिकायचं असेल तर सॉफ्टवेअर डिफाईन्ड रेडिओ (बरंचसं काम सॉफ्टवेअरमध्ये करणारा रेडिओ बोर्ड) आणि जीएनयू रेडिओ (त्यासाठीचं सॉफ्टवेअर) घ्या, खालच्या फ्रिक्वेन्सीलाच. स्वतः पाठवलेला सिग्नल दुसऱ्या बोर्डवर पकडलात की कॉन्स्टिलेशन (सिम्बॉलच्या ठिपक्यांचा आलेख) गरगर फिरताना दिसेल, कारण दोन्ही ऑसिलेटर किंचित वेगळे आहेत. पुस्तकात ती फ्रिक्वेन्सी ऑफसेटची एक ओळ असते. फक्त परवानगी असलेल्या बँडमध्येच करा, नाहीतर केबल आणि अटेन्युएटर लावून, हवेत न सोडता.

मशीन लर्निंग न वापरता आजकाल पेपर होतो का?

होतो. आणि वापरायचं असेल तर जिथे मॉडेल लिहिणं खरंच अवघड आहे तिथे वापरा. बीम निवडताना आजूबाजूची रचना, माणसांची ये-जा हे समीकरणात बसत नाही, तिथे शिकणारी पद्धत उपयोगी पडते हे मी स्वतः बघतेय. पण डेटा कसा वाटलाय ते तपासा. एकाच रस्त्यावर चालत घेतलेल्या मोजमापांची सरमिसळ करून ८०-२० वाटणी केली तर टेस्टमधला प्रत्येक नमुना ट्रेनिंगमधल्या कुठल्यातरी नमुन्यापासून दोन सेंटीमीटरवर असतो, मग अचूकता भन्नाट येणारच, मॉडेलने जागा पाठ केलेली असते. पूर्ण वेगळा रस्ता, वेगळा दिवस, वेगळी खोली टेस्टला ठेवा. आकडा पडेल, पण तो खरा असेल. तुलनाही शेजारचे दोन बीम तपासणाऱ्या साध्या नियमाशी करा, सगळ्यात वाईट पद्धतीशी नको.

गणित किती लागतं?

लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी आणि फूरिअर, हे तीन पक्के. त्यातही सिंग्युलर व्हॅल्यू डीकम्पोझिशन (मॅट्रिक्सचे स्वतंत्र भाग वेगळे करणं) डोळे मिटून समजलं पाहिजे, मायमो म्हणजे तेच आहे. ऑप्टिमायझेशन नंतर येतं. ज्यांचं गणित कच्चं राहिलंय त्यांनी घाबरू नका, ग्राफ काढत काढत शिकलेलं गणित चांगलं टिकतं.

या लहरींनी कॅन्सर होतो का?

घरच्यांचा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि काळजीपोटी विचारलेला, म्हणून झटकून टाकायचा नाही. २८ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची एनर्जी ०.०००१२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. अणूतून इलेक्ट्रॉन काढायला साधारण १० लागतात, म्हणजे फरक जवळजवळ लाखपटीचा, त्यामुळे एक्सरेसारखं आयनीभवन यातून होत नाही. सिद्ध झालेला परिणाम आहे तो उष्णतेचा, या लहरी त्वचेत जेमतेम एक मिलिमीटर शिरतात आणि तिथे ऊब देतात. त्यासाठीच आयसीएनआयआरपीने (अशा लहरींपासूनच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने) २०२० मध्ये मर्यादा नव्याने दिल्यात. लॅबमध्ये चालू हॉर्नसमोर आम्ही तरीही उभे राहत नाही, ती शिस्त असलेली बरी.

आता ६जी वर काम सुरू करू की ५जी वर?

नावावरून विषय निवडू नका. आयटीयूने २०२३ मध्ये ६जी ची चौकट ठरवलीय, त्यात सेन्सिंग (लहरींनी आजूबाजूच्या गोष्टी ओळखणं) आणि कम्युनिकेशन एकत्र वगैरे आहे. शंभर गिगाहर्ट्झच्या वरच्या बँडची चर्चा खूप, पण तिथे अँप्लिफायरमधून पुरेशी पॉवर काढणंच कठीण. मला व्यक्तिशः ७ ते २४ गिगाहर्ट्झचा पट्टा जास्त आशादायक वाटतो, तिथे लहर जरा दमदारपणे पोचते आणि बँडविड्थही बरी. त्या पट्ट्यात आधीपासून असलेल्या सॅटेलाईट आणि बाकी सेवांसोबत कसं राहायचं हा सुंदर प्रश्न आहे, कुणाला हवा असेल तर घ्या.

रिझल्ट उलटा आला तर काय करतेस?

आधी वरचं सगळं परत तपासते. मग तो लिहून ठेवते, ग्राफसकट. माझी जायरोस्कोपवाली पद्धत चालताना छान चालली आणि खुर्चीत बसून फोन वापरताना साध्या पद्धतीपेक्षा वाईट, कारण सेन्सरची छोटी चूक साचत जाते आणि बीम हळूहळू स्वतःच सरकतो. हे लपवलं असतं तर पुढचं सुचलंच नसतं, आता फोन स्थिर आहे कळलं की मी सेन्सरचं ऐकणं बंद करते.

तुझा कोड मिळेल का?

पेपर बाहेर आला की हो. रँडम सीड, लायब्ररींची व्हर्जन आणि प्रत्येक ग्राफ बनवणारी वेगळी फाईल, एवढं ठेवूनच देणार आहे, म्हणजे तुम्हाला माझा आकडा आला नाही तर आपल्याला निदान कुठून शोधायला लागायचं ते कळेल. बीपीएसकेची ती पहिली तपासणी फोल्डरमध्ये सगळ्यात वर आहे, आधी ती चालवा.